ग्रीक पुराणकथेवरचा जुना साहसपट मुलांना दाखवायचा आहे : 'जेसन' की 'क्लॅश'? सल्ला हवा

वाचनवेडी_सांगली (धागाकर्ती)

नमस्कार. दरवर्षी दिवाळीच्या सुटीत आमच्या गल्लीतली मुले एका संध्याकाळी आमच्या माडीवर जमतात आणि आम्ही सगळे मिळून एक चित्रपट पाहतो. यंदा चौदा मुले आहेत आणि ती आठ ते बारा वर्षांची आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांना ग्रीक पुराणांतल्या काही गोष्टी मराठीतून सांगितल्या होत्या आणि त्या त्यांना फार आवडल्या, म्हणून त्या गोष्टींवरचाच एखादा जुना साहसपट दाखवावा असे मनात आहे. माझ्यासमोर दोन नावे आहेत : १९६३ चा 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' आणि १९८१ चा 'क्लॅश ऑफ द टायटन्स'. दोन्ही मी फार वर्षांपूर्वी पाहिले आहेत आणि आता तपशील पुसट झाले आहेत.

अडचणी आधीच सांगते. एकूण खर्च दीड हजार रुपयांच्या आत बसला पाहिजे. भाच्याकडून लहान प्रोजेक्टर मिळणार आहे, घरात जुना डीव्हीडी प्लेअर आणि एक लॅपटॉप आहे. मुले मराठी माध्यमातली आहेत, त्यामुळे भराभर बोललेले इंग्रजी त्यांना कळणार नाही. सर्वांत धाकटी आठ वर्षांची आहे आणि ती भित्री आहे. यांपैकी कोणता चित्रपट दाखवावा, डिस्क घ्यावी की भाड्याने घ्यावा आणि कोणती काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

जुनापडदा

ताई, मनात कोणतीही शंका न ठेवता 'जेसन' दाखवा. मी तो निदान बारा वेळा पाहिला आहे आणि माझ्या तिन्ही नातवंडांना तो दाखवला आहे. मुलांना पहिल्या अर्ध्या तासात बांधून ठेवणारे काहीतरी लागते आणि इथे ते टेलॉसच्या रूपाने मिळते. जेसनचे सोबती हर्क्युलीस आणि हायलस एका पुतळ्याच्या चौथऱ्यातल्या खजिन्याच्या दालनात शिरतात, हर्क्युलीस तिथली एक भली मोठी पिन भाला म्हणून उचलतो, दोघे बाहेर येतात आणि वर गुडघा टेकून बसलेल्या त्या ब्राँझच्या महाकाय पुतळ्याची मान करकरत त्यांच्याकडे वळते. त्या करकरीच्या वेळी माझा धाकटा नातू माझ्या मांडीवर येऊन बसला होता, पण त्याने डोळे मिटले नव्हते.

आजकालच्या मुलांना ही जुनी करामत खोटी वाटेल, असे पुष्कळ लोक म्हणतील. त्यांचे ऐकू नका. टेलॉसची चाल अडखळती दिसते, कारण दोन्ही चित्रपटांतले राक्षस आणि पुतळे हलवणारे करामतकार रे हॅरीहाउसेन यांनी ती मुद्दाम तशी ठेवली होती. तो धातूचा आहे, युगानुयुगे एका जागी बसून आहे, त्याचे सांधे आखडलेलेच असणार. मुलांना हे आधी एका वाक्यात सांगून ठेवा, मग ती प्रत्येक पावलाकडे लक्ष देऊन पाहतील. जेसन त्याच्या टाचेचे झाकण फिरवून काढतो आणि आतला तप्त द्रव वाफाळत वाहू लागतो, तेव्हा टेलॉस दोन्ही हात गळ्याकडे नेतो. त्याच्या चेहऱ्यावर कोणताही भाव नसतो, तरी तो गुदमरतो आहे हे कळते. मला अजूनही त्या वेळी त्याच्याबद्दल वाईट वाटते.

पद्मनाभ_ठाणे

जुनापडदा काकांशी सहमत आहे, पण हा चित्रपट लहान प्रोजेक्टरवर पाहणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे आहे. मी मागच्या वर्षी एक लाख दहा हजार रुपयांचा प्रोजेक्टर आणि १२० इंचांचा ताणून बसवलेला पडदा घेतला आणि पहिला चित्रपट 'जेसन'च लावला. समुद्राचा निळा रंग, मंदिरांचे पिवळट दगड, मेंढ्याचे सोनेरी कातडे हे सगळे मी तेव्हा खऱ्या अर्थाने प्रथम पाहिले. हॅरीहाउसेन यांच्या १९६१ ते १९६४ या काळातल्या चित्रपटांचा एक ब्लू-रे संच इंग्लंडमध्ये निघाला आहे, तो मी मागवून घेतला. त्यात 'जेसन'बरोबर 'मिस्टीरियस आयलंड' आणि 'फर्स्ट मेन इन द मून' हेही आहेत. आपण एकदाच खर्च करावा आणि चांगली वस्तू घ्यावी, असे माझे मत आहे. दीड हजारात चांगला स्पीकरसुद्धा येत नाही.

मृण्मयी

ताई, 'क्लॅश' घ्यायचा ठरवलात तर डब्यावरचे वर्ष वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. याच नावाचा चित्रपट २०१० मध्ये पुन्हा काढला गेला, त्यात सॅम वर्थिंग्टन आहे. मी भावाच्या वाढदिवसाला जुना समजून नवा उचलला. वेष्टनावर जिच्याकडे पाहताच माणसाचा दगड होतो ती मेड्युसा होती, नायक पर्सियस होता, समुद्रराक्षस क्रॅकन होता, त्यामुळे मला संशयही आला नाही. घरी लावल्यावर पहिल्या पाच मिनिटांत भाऊ म्हणाला, "ताई, हा तो नव्हे." दुकानदाराने उघडलेली डिस्क परत घेतली नाही. जुन्यात लॉरेन्स ऑलिव्हिये देवराज झ्यूसच्या भूमिकेत आहेत आणि मॅगी स्मिथ समुद्रदेवी थेटिसच्या. वेष्टनावर ही नावे शोधावीत.

माझी पसंती विचाराल तर 'जेसन'.

वाचनवेडी_सांगली

जुनापडदा काका, टेलॉसचे वर्णन वाचून सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. पद्मनाभजी, आपला पडदा पाहायला मला नक्की आवडेल, परंतु माझा खर्च दीड हजारच आहे आणि त्यातच मुलांचा फराळाव्यतिरिक्तचा खाऊही आहे. मृण्मयी, वर्षाची गोष्ट लिहून ठेवली आहे.

हेलासप्रेमी

चित्रपट कोणताही दाखवा, पण मुलांना ग्रीक पुराणे म्हणून दाखवत असाल तर दोन्ही चित्रपटांनी मूळ कथेत किती फेरफार केला आहे हे आपल्याला ठाऊक असावे.

'जेसन'मध्ये नायक जिच्या शोधात निघतो त्या सोनेरी लोकरीची, म्हणजे मेंढ्याच्या कातड्याची, राखण सात डोक्यांची हायड्रा करते. हायड्रा ही हेराक्लीजच्या कथेतली आहे. जेसनच्या कथेत लोकर राखणारा न झोपणारा सर्प आहे आणि जेसनवर प्रेम करणारी जादूगारीण राजकन्या मीडिया त्याला गुंगी आणते. टेलॉस हा क्रीटचा रक्षक आहे, तो परतीच्या वाटेवर भेटतो आणि त्याचा पराभव जेसन नव्हे, तर मीडिया करते. चित्रपटात राक्षसाचे दात पेरल्यावर जमिनीतून सांगाडे उगवतात, मूळ कथेत ते जिवंत, चिलखत घातलेले योद्धे असतात. जेसन त्यांच्यात एक दगड टाकतो आणि ते आपसांत लढून मरतात. हे सगळे रोड्सच्या अपोलोनियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सविस्तर लिहिले आहे. हायलसला पुतळ्याखाली चिरडून मारले आहे, तेही मूळ कथेत नाही. त्याला झऱ्यातल्या अप्सरा पाण्यात ओढून नेतात.

'क्लॅश'ची गत याहून वाईट आहे. क्रॅकन हा उत्तरेकडच्या नॉर्वेच्या लोककथांतला समुद्रराक्षस आहे, ग्रीसशी त्याचा काही संबंध नाही. कॅलिबॉस हा खलनायक तर चित्रपटासाठीच निर्माण केलेला आहे. पेगॅसस हा उडता घोडा मेड्युसाचे डोके उडवल्यावर तिच्या रक्तातून जन्मतो, पण चित्रपटात पर्सियस त्याच्यावर आधीच बसलेला आहे. आणखी एक गोष्ट, हर्क्युलीस हे रोमन रूप आहे. ग्रीक नाव हेराक्लीज आहे आणि त्याचा अर्थच 'हेराची कीर्ती' असा होतो.

जुनापडदा

हेलासप्रेमी, आपला व्यासंग मान्य आहे, पण आपण जे दोष म्हणून सांगत आहात त्यांतले निम्मे मला गुण वाटतात. अपोलोनियसच्या आधीही ही कथा वेगवेगळ्या रूपांत सांगितली जात होती आणि त्यानेही आपल्या परीने तिला आकार दिला. आपल्याकडे रामायण प्रत्येक प्रांताने वेगळे सांगितले, म्हणून ते खोटे ठरत नाही. उगवणारे योद्धे जिवंत माणसे असती तर ती आणखी एक तलवारबाजी झाली असती. सांगाडे उगवले म्हणूनच साठ वर्षांनंतर आपण त्यांच्याबद्दल बोलत आहोत.

आणि मुलांना देवलोकाचा भाग समजावून सांगायचा तर आपल्याकडे आयती उपमा आहे. ऑलिंपसवर झ्यूस आणि त्याची पत्नी हेरा एका पटावर माणसांच्या सोंगट्या मांडून खेळतात आणि हेराला जेसनला फक्त पाच वेळा मदत करता येईल अशी अट असते. शंकर-पार्वतीचा सारीपाट ज्या मुलांनी ऐकला आहे, त्यांना हे सांगावेही लागत नाही.

एडिनबराकर

सांगाड्यांचा विषय निघालाच आहे, म्हणून लिहितो. एडिनबरा येथील आधुनिक कलेच्या राष्ट्रीय दालनात २०२० पासून हॅरीहाउसेन यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन होते आणि मी ते दोनदा पाहिले. पडद्यावर माणसाएवढे दिसणारे ते सांगाडे प्रत्यक्षात जेमतेम वीतभर आहेत. आत धातूचा सांधेदार सापळा असतो. हॅरीहाउसेन यांचे वडील यंत्रकामात कुशल होते आणि असे कितीतरी सापळे त्यांनी मुलासाठी घरी घडवून दिले. काचेच्या पेटीपुढे उभे राहिल्यावर मला सर्वांत जास्त आश्चर्य बोटांचे वाटले. तलवारीची मूठ धरलेली बोटे तांदळाच्या दाण्याएवढी होती आणि तीही वळलेली होती.

आता मुलांना सांगण्यासारखे. त्या प्रसंगात तीन माणसे सात सांगाड्यांशी लढतात. आधी नटांनी खऱ्या माणसांबरोबर लढाईचा सराव केला, मग ती माणसे बाजूला झाली आणि नटांनी हवेत तलवारी चालवल्या, आणि हे चित्रण झाल्यावर हॅरीहाउसेन एकटे त्यापुढे बसले. प्रत्येक चौकटीसाठी सातही बाहुल्यांचे हात, पाय आणि डोके किंचित हलवायचे, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायचे. एका सेकंदाला अशा चोवीस चौकटी लागतात. काही दिवशी पूर्ण दिवसाच्या कामातून एक सेकंदसुद्धा तयार होत नसे आणि काही मिनिटांच्या त्या लढाईला साडेचार महिने लागले. त्यात मध्येच कोणी दार वाजवले आणि कोणता हात पुढे चालला होता आणि कोणता मागे हे विसरले, तर काय होत असेल याचा विचार करावा. मी मुलांना हे सांगतो तेव्हा ती चित्रपट दुसऱ्यांदा पाहायला मागतात.

त्यामुळे माझेही मत 'जेसन'लाच आहे. 'क्लॅश' हा त्यांचा शेवटचा मोठा चित्रपट आहे आणि तोवर त्यांना मदतनीस घ्यावे लागले होते.

गिरणगावकर

डिस्क घेण्याआधी माझा अनुभव वाचा. मी एका विक्रेत्याकडून 'जेसन' मागवला, वेष्टन सुंदर होते, घरी आणून डीव्हीडी प्लेअरमध्ये घातला आणि यंत्राने ती डिस्क वाचलीच नाही. ती ब्लू-रे होती. विकणाऱ्याने ते कुठेही ठळक लिहिले नव्हते. ती परत करून डीव्हीडी मागवली, तर ती अमेरिकेतली निघाली. डीव्हीडीवर प्रदेशाचा क्रमांक असतो. भारताचा पाच आहे, अमेरिकेचा एक आणि इंग्लंडचा दोन. माझा प्लेअर फक्त पाच वाचणारा होता, त्यामुळे पडद्यावर नुसती सूचना येऊन थांबली. दोन वेळचा टपालखर्च मिळून अकराशे रुपये गेले आणि चित्रपट शेवटी मुलाच्या लॅपटॉपवर पाहिला.

लॅपटॉपवरही प्रदेश सारखासारखा बदलता येत नाही, त्याला पाच वेळांची मर्यादा असते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की डिस्कच्या मागे लागू नका. भाड्याने मिळत असेल तर अधिकृत ठिकाणाहून एका रात्रीसाठी घ्या आणि लॅपटॉप तारेने प्रोजेक्टरला जोडा. आदल्या दिवशी पहिली दहा मिनिटे लावून पाहा, कारण आमच्याकडे चित्र आले पण आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला. आवाजाची तार वेगळी लावावी लागली.

दोन_मुलांचा_बाबा

मी दोन्ही चित्रपट घरी मुलांबरोबर पाहिले आहेत, त्यामुळे फक्त काळजीच्या जागा सांगतो.

'क्लॅश'मध्ये दोन ठिकाणी नग्नता आहे. सुरुवातीला पर्सियसची आई डॅनई त्याला अंगावर पाजते आणि समुद्रकिनाऱ्यावर चालते, तो भाग. आणि पुढे अँड्रोमेडा स्नानकुंडातून बाहेर येते, तो. दोन्ही क्षणभराचे आहेत आणि त्यांत काही वाईट नाही, पण गल्लीतली मुले आहेत, त्यांचे आईवडील तुम्हाला विचारतील. शिवाय मेड्युसाचा प्रसंग खरोखर भीतिदायक आहे. मशालींच्या हलत्या उजेडात ती हातांवर शरीर ओढत येते, शेपटीचा खुळखुळाट आधी ऐकू येतो आणि हातात धनुष्य असते. माझा धाकटा त्या रात्री दिवा लावून झोपला. 'जेसन'मध्ये नग्नता नाही आणि भीती आहे ती उजेडातली आहे. सांगाडेसुद्धा भर दिवसा लढतात. चौदा मुलांसाठी 'जेसन' अधिक सुरक्षित आहे.

भाषेचे म्हणाल तर मी एक गोष्ट करून पाहिली आणि ती फार छान जमली. संवाद जास्त असतील तिथे आवाज निम्मा करून मी मराठीत बोलत गेलो. प्रत्येक वाक्याचे भाषांतर करायचे नाही, कीर्तनकार निरूपण करतो तसे दोन वाक्यांत काय चालले आहे ते सांगायचे आणि लढाई सुरू झाली की आपण गप्प बसून आवाज वाढवायचा. त्यासाठी चित्रपट आदल्या दिवशी एकदा स्वतः पाहून ठेवावा लागतो.

अश्विनी_नाशिक

वर्ष पाहून घ्या, हे मृण्मयी यांनी सांगितलेच आहे, मीही तेच सांगते. माझ्या नणंदेचीही अशीच फसगत झाली होती. दुसरे म्हणजे खोलीत पूर्ण अंधार हवा. लहान प्रोजेक्टरला थोडासुद्धा उजेड चालत नाही. माडीला खिडक्या असतील तर जाड काळे कापड लावा किंवा सात वाजल्यानंतर सुरू करा.

आमच्या नाशिकच्या दादासाहेब फाळके यांनीही हीच विद्या वापरली होती, हे मुलांना अवश्य सांगा. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याच्याही आधी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून त्यांच्या वाढीची थोडीथोडी चित्रे रोज घेतली आणि अंकुर पडद्यावर पाहता पाहता मोठा होताना दाखवला. पुढे त्यांनी आगकाड्या हलवत केलेला एक छोटा चित्रपटही काढला. एक चौकट टिपायची, वस्तू किंचित हलवायची, पुन्हा टिपायची, हे तेच काम आहे. आमच्या मुलांनी एका सुटीत मोबाइलवर शाडूच्या मातीचा हत्ती असा चालवला होता. चार सेकंदांना पूर्ण दुपार गेली. त्यानंतर त्यांनी 'जेसन'मधली लढाई श्वास रोखून पाहिली.

पद्मनाभ_ठाणे

आवाजाबद्दल कोणीच नीट बोलले नाही. 'जेसन'चे संगीत बर्नार्ड हर्मन यांचे आहे आणि त्यांनी या चित्रपटासाठी व्हायोलिनच्या कुळातले एकही वाद्य न घेता पितळी वाद्ये, फुंकवाद्ये आणि तालवाद्ये यांचा प्रचंड ताफा वापरला. प्रोजेक्टरमधल्या इवल्याशा स्पीकरवर त्याचा नुसता पत्रा वाजेल. माझे स्पीकर एकूण सात आहेत. निदान दोन मोठे तरी कोणाकडून मागून आणा.

हेलासप्रेमी

माझे मत अजून कायम आहे. 'जेसन' अर्ध्यावर संपतो, याचाही विचार करा. लोकर मिळते, जेसन कड्यावरून समुद्रात उडी मारतो, मीडियासह जहाजावर पोहोचतो आणि झ्यूस म्हणतो की त्याच्यासाठी अजून पुष्कळ साहसे आहेत. परतीचा प्रवास नाही आणि पेलियासला शिक्षाही नाही. मुले विचारणार की त्या दुष्ट राजाचे काय झाले, आणि खरे उत्तर मुलांना सांगण्यासारखे नाही. मीडियाचे पुढे काय होते ते तर मुळीच नाही.

त्यापेक्षा १९५४ चा इटालियन 'युलिसिस' घ्यावा. कर्क डग्लस नायक आहेत, एका डोळ्याचा राक्षस आहे, आणि सिल्वाना मांगानो यांनीच पत्नी पेनेलपी आणि जादूगारीण सर्सी या दोन्ही भूमिका केल्या आहेत, त्यात अर्थ आहे. कथा सुरू होते आणि संपतेही.

जुनापडदा

'युलिसिस' चांगलाच आहे, पण त्यात एकच राक्षस आहे आणि बाकी सगळी घरी पोहोचण्याची तळमळ आहे. ती चाळिशीनंतर कळते. ताई, माझे ऐका आणि 'जेसन'च दाखवा. १९९२ मध्ये हॅरीहाउसेन यांना ऑस्करच्या सोहळ्यात जीवनगौरव दिला गेला, तेव्हा टॉम हँक्स यांनी आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हणून याचेच नाव घेतले होते.

वाचनवेडी_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन रात्री मी दोन्ही चित्रपट भाड्याने घेऊन पुन्हा पाहिले. आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाने 'जेसन' सांगितला आणि त्यामागची कारणे मला पटली, तरीही मी 'क्लॅश' दाखवायचे ठरवले आहे. कारण सांगणे माझे कर्तव्य आहे.

उन्हाळ्यात मी मुलांना जी गोष्ट सांगितली ती पर्सियसची होती. पेटीत घालून समुद्रात सोडलेले बाळ, सगळ्यांत मिळून एकच डोळा असलेल्या तीन म्हाताऱ्या, मेड्युसा, खडकाला बांधलेली राजकन्या, हा सगळा क्रम त्यांना पाठ आहे. पेटीतले बाळ तर त्यांनी कर्णाशी जोडून टाकले होते. जेसनची गोष्ट त्यांना मुळीच माहीत नाही. इंग्रजी न कळणाऱ्या मुलाला माहीत असलेली गोष्ट पडद्यावर ओळखता येते आणि ओळखण्याचा तो आनंद मला त्यांच्या चेहऱ्यांवर पाहायचा आहे. अनोळखी गोष्ट दाखवली तर त्यांना सगळा वेळ माझ्या तोंडाकडे पाहावे लागेल.

मेड्युसाच्या भीतीवर मी एक उपाय योजला आहे. प्रत्येक मुलाने घरून एक लखलखीत घासलेले स्टीलचे ताट आणायचे आहे. मेड्युसाच्या गुहेत पर्सियस शिरला की ज्याला भीती वाटेल त्याने पडद्याकडे पाठ करायची आणि पर्सियस ढालीत पाहतो तसे ताटात पाहायचे. काल मी स्वतः करून पाहिले. ताटाच्या सपाट भागात चित्र धूसर आणि डावे-उजवे उलटे दिसते, पण हालचाल कळते आणि भीती निम्मी होते. नग्नतेच्या दोन्ही जागांच्या वेळा मी कागदावर लिहून घेतल्या आहेत, तिथे प्रोजेक्टरपुढे पुठ्ठा धरीन. दोन_मुलांचा_बाबा यांनी सांगितलेले निरूपण तसेच करणार आहे, आणि काळे कापड म्हणून आमच्या जुन्या छत्र्यांचे कापड उसवून शिवले आहे.

पद्मनाभ_ठाणे

आपला निर्णय आपल्यापाशी, परंतु १९८१ च्या चित्रपटात काही ठिकाणी चित्र दाणेदार दिसते, हे मी माझ्या पडद्यावर स्पष्ट पाहिले आहे. 'जेसन' अधिक स्वच्छ आहे.

दोन_मुलांचा_बाबा

ताटाची कल्पना मला सुचली असती तर माझा मुलगा त्या रात्री दिवा न लावता झोपला असता. फक्त एक लक्षात ठेवा, गुहेत पर्सियसच्या साथीदाराचा दगड होतो, त्या वेळी त्याचा चेहरा जवळून दिसतो. ताटे त्याच्या आधीच हातात असू द्या. आणि यांत्रिक घुबड येईल तेव्हा निरूपण थांबवा. ते कोणत्याच भाषेत बोलत नाही आणि मुलांना सगळे कळते.

वाचनवेडी_सांगली

परवा कार्यक्रम झाला, म्हणून लिहिते. दोन्ही चित्रपटांचे भाडे, आवाजाची तार आणि मुलांचा खाऊ मिळून नऊशे ऐंशी रुपये लागले. पद्मनाभजी, गणपती मंडळाचे दोन स्पीकर मागून आणले होते, त्याबद्दल आपले आभार.

पेटी समुद्रात ढकलली जाताच मागून कोणीतरी "कर्ण!" म्हणून ओरडले. म्हाताऱ्यांचा डोळा यांत्रिक घुबडाने पळवला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुहेत शिरताना चौदापैकी अकरा जणांनी पाठ फिरवली आणि अंधारात अकरा ताटे वर झाली. धाकटीने ताट इतके जवळ धरले होते की तिच्या श्वासाने ते धूसर होत होते. ती ते फ्रॉकने पुसत होती आणि पुन्हा पाहत होती. मेड्युसाचे डोके उडाल्यावर तिने वळून मला विचारले की आता सरळ पाहिले तर चालेल का, आणि नंतर तो भाग पुन्हा लावायला सांगितला. आम्ही तो पुन्हा लावला. दुसऱ्यांदा तिने ताट मांडीवर ठेवले होते.

हेलासप्रेमी, आपल्याकडे एक काम आहे. पेगॅसस मेड्युसाच्या रक्तातून जन्मतो हे मी उन्हाळ्यात सांगितले होते आणि मला वाटले होते की मुले ते विसरली असतील. पर्सियसने घोडा पकडला त्याच क्षणी सहावीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, ती अजून मेली नाही, मग हा आला कुठून?" मी त्याला सांगितले आहे की याचे उत्तर देणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. रविवारी मुले पुन्हा जमणार आहेत. तोपर्यंत वाचून दाखवता येईल असे चार ओळींत लिहून द्याल का?